जेफ्री सॅक्स : बाजारापासून मच्छरदाणीपर्यंत

बाजार मोकळा सोडावा की सरकारने त्याचा लगाम आपल्या हाती ठेवावा, हा प्रश्न १९९१ साली आपल्या देशात उदारीकरणाला प्रारंभ झाला तेव्हापासून या ना त्या रूपाने घराघरांत चर्चिला जात आहे. त्या धोरणाने कुणाच्या मुलाला चांगली नोकरी मिळाली, तर कुणाचा कारखाना बंद पडला, आणि ज्याला जो अनुभव आला तसे त्याचे मत बनले. अर्थशास्त्राचे पंडितही याला फारसे अपवाद नाहीत. तरुणपणी जी बाजू घेतली तीच ते निवृत्तीपर्यंत लढवीत राहतात. म्हणून ज्याचे विचार देशोदेशीच्या अनुभवाने पुढे सरकत गेले अशा एका अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाची वाटचाल आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत. त्यांचे नाव जेफ्री सॅक्स.

अर्थशास्त्र हा विषय आपल्या भाविकांना रुक्ष वाटतो, हे आम्ही जाणतो. परंतु सॅक्स यांचे विचार वर्गातल्या फळ्यावर राहिले नाहीत. त्यांच्या सल्ल्याने लक्षावधी लोकांच्या हातातील पैशाला पुन्हा मोल आले, आणि त्याच सल्ल्याच्या मागोमाग सहस्रावधी कामगारांच्या चुली विझल्या. पुढे त्यांनीच जगातील श्रीमंत सरकारांच्या दारात जाऊन गरिबांसाठी पदर पसरला. व्हॅटिकनशी त्यांचा संबंध १९९० पासूनचा आहे आणि २०२१ साली पोप फ्रान्सिस यांनी त्यांची सामाजिक शास्त्रांच्या पोपप्रणीत अकादमीवर नेमणूक केली. अशा माणसाची ओळख करून घेण्यास एवढी कारणे पुरेशी आहेत.

सॅक्स यांचा जन्म १९५४ साली अमेरिकेतील डेट्रॉइट येथे झाला. ते शहर मोटारींच्या कारखान्यांचे, आणि वडील कामगारांचे खटले चालविणारे वकील. मुलगा मात्र हार्वर्ड विद्यापीठात अर्थशास्त्राकडे वळला आणि वयाच्या २८व्या वर्षी तेथेच पूर्णवेळ प्राध्यापक झाला. त्या काळी अमेरिकेत रेगन आणि ब्रिटनमध्ये थॅचर यांचे राज्य होते. सरकारने उद्योगधंद्यांतून अंग काढून घ्यावे, किमती बाजाराने ठरवाव्यात, सीमा व्यापाराला खुल्या कराव्यात, हाच त्या वेळी प्रगतीचा मंत्र मानला जाई. सॅक्स अतिरेकी मताचे नव्हते. परंतु मंत्रातील मुख्य अक्षरे त्यांनाही मान्य होती.

त्यांच्या विद्येची पहिली परीक्षा झाली ती दक्षिण अमेरिकेतील बोलिव्हियात. १९८५ मध्ये या कॅथलिकबहुल, डोंगराळ आणि दरिद्री देशात महागाईने असे रूप धारण केले होते की वर्षभरात किमती २० हजार टक्क्यांहून अधिक चढल्या. पगार हाती पडताच लोक धावत जाऊन मिळेल ती वस्तू घेत, कारण संध्याकाळपर्यंत त्या नोटांचे मोल उतरलेले असे. हार्वर्डमधील एका चर्चेत तरुण प्राध्यापकांनी ही महागाई थांबविण्याचा उपाय आत्मविश्वासाने मांडला. तेव्हा पाहुण्यांपैकी एका बोलिव्हियन गृहस्थाने त्यांना सुनावले, की इतके ठाऊक असेल तर ला पाझला येऊनच दाखवा. सॅक्स त्याच वर्षी जुलैमध्ये तेथे पोहोचले.

त्यांचे निदान सोपे होते. सरकारच्या तिजोरीत पैसा येत नव्हता, म्हणून सरकार नोटा छापत होते. सरकारी उत्पन्नाचा मोठा भाग तेलातून येई, पण तेलाची किंमत महागाईबरोबर वाढविली जात नसल्यामुळे ते उत्पन्न पाण्यासारखे आटत चालले होते. तेलाची किंमत एका झटक्यात वाढवा, तूट भरून काढा, नोटांचा छापखाना थांबवा, असा सल्ला त्यांनी दिला. नवे राष्ट्राध्यक्ष व्हिक्टर पाझ एस्तेन्सोरो यांच्या सरकारने २९ ऑगस्ट १९८५ रोजी २१०६० क्रमांकाचा प्रसिद्ध हुकूम काढला. त्यात तेल महाग करण्याबरोबरच किमतींवरील नियंत्रणे उठविणे, आयात खुली करणे, कामगारांना कमी करण्याची मोकळीक देणे हे सारे एकदमच आले. हा हुकूम एकट्या सॅक्स यांनी लिहिला नव्हता. त्यामागे बोलिव्हियातील मंत्र्यांचाच हात मोठा होता. महागाई मात्र काही आठवड्यांत थांबली. जगभरच्या वृत्तपत्रांनी त्या उपचाराला नाव दिले ‘शॉक थेरपी’, म्हणजे धक्क्याचा उपचार. हे नाव सॅक्स यांना कधीच रुचले नाही, पण ते त्यांना चिकटले ते कायमचेच.

आता या यशाची दुसरी बाजू. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये लंडनच्या बाजारात कथिलाचा भाव कोसळला. बोलिव्हियाच्या सरकारी खाणी कथिलाच्या होत्या. नव्या धोरणानुसार तोट्यातील खाणी बंद झाल्या आणि वीस हजारांहून अधिक खाणकामगार बेकार झाले. १९८६ च्या ऑगस्टमध्ये हे कामगार बायकामुलांसह ओरुरोहून राजधानीकडे पायी निघाले. त्यांनी त्या मोर्चाला ‘जीवनासाठी पदयात्रा’ असे नाव दिले होते. सरकारने आणीबाणी पुकारली व वाटेतच लष्कराने त्यांना अडविले. त्यांतील कित्येक कुटुंबे पुढे ला पाझजवळच्या एल आल्तो येथील वस्त्यांत गेली, तर कित्येक जण चापारे भागात कोकाच्या शेतीकडे वळले. त्या पानांपासून कोकेन बनते हे सर्वश्रुत आहे. चलन वाचले, पण ज्या माणसाची खाण गेली त्याला त्या वाचलेल्या चलनातील एक नाणे कुठून मिळणार, याचे उत्तर हुकुमात नव्हते.

बोलिव्हियातच सॅक्स यांच्या विचारात पहिली भर पडली. बाहेरच्या बँकांचे आणि सरकारांचे कर्ज फेडत राहिल्यास हा देश पुन्हा बुडेल, असे त्यांचे मत झाले. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीला ते मुळीच पसंत नव्हते. तरीही १९८८ मध्ये बोलिव्हियाने आपल्या बँक कर्जाचा मोठा भाग डॉलरमागे ११ सेंट या दराने परत विकत घेतला. म्हणजे उरलेले ८९ सेंट धनकोंनी सोडून दिल्यासारखेच झाले. बाजाराचा पुरस्कर्ता म्हणून गेलेला माणूस कर्जमाफीचा वकील होऊन परतला. आमच्या मते त्यांच्या पुढच्या सगळ्या प्रवासाचे बीज येथे आहे; मात्र त्यांच्याविषयी लिहिणारे बहुतेक जण महागाईच्या आकड्यांवर थांबतात आणि या ११ सेंटांपर्यंत पोहोचतच नाहीत.

पुढचा मुक्काम पोलंड. १९८९ मध्ये तेथे ‘सॉलिडॅरिटी’ या कामगार संघटनेने निवडणूक जिंकली होती, दुकाने रिकामी होती आणि पुढे काय करायचे हे कुणालाच उमगत नव्हते. संघटनेचे एक नेते यात्सेक कुरोन यांच्या घरी रात्री उशिरापर्यंत सॅक्स यांनी आपली योजना समजावून सांगितली. ती लिहून काढायला काही आठवडे लागतील असे ते म्हणाले, तर कुरोन यांनी ती दुसऱ्या दिवशी सकाळीच हवी म्हणून सांगितले. सॅक्स आणि त्यांचे सहकारी डेव्हिड लिप्टन यांनी एका नव्या वृत्तपत्राच्या कचेरीत बसून रात्रभरात मसुदा टंकलिखित केला. एका देशाचे भवितव्य एका रात्रीत टंकलिखित व्हावे, हे वाचून आमच्यासारख्यांना कौतुकाइतकीच धास्तीही वाटते.

ऑगस्टमध्ये पंतप्रधान झाले ते तादेउश माझोविएत्स्की. हे गृहस्थ मूळचे संपादक. ‘व्हिएन्झ’ या कॅथलिक मासिकाचे संस्थापक. (धार्मिक नियतकालिक चालविणारा माणूस पंतप्रधान झाल्याचे उदाहरण आम्हांला तरी दुसरे आठवत नाही.) त्यांच्या अर्थमंत्र्यांचे, लेशेक बाल्सेरोविच यांचे, नाव त्या योजनेला मिळाले आणि १ जानेवारी १९९० पासून ती अमलात आली. पहिल्याच महिन्यात किमती सुमारे ८० टक्क्यांनी चढल्या. पण शेतकरी भाजी घेऊन शहरात येऊ लागले, रस्त्यावर दुकाने मांडली गेली आणि रांगा संपल्या. बेकारी पुढे १६ टक्क्यांपर्यंत गेली. तथापि साम्यवादातून बाहेर पडलेल्या देशांमध्ये सर्वप्रथम सावरला तो पोलंडच, १९९२ पासून.

या यशाचे श्रेय मोकळ्या बाजाराच्या पदरात टाकून पुष्कळांनी पुढचे पान उलटले. वस्तुस्थिती अधिक गुंतागुंतीची आहे. पोलंडच्या चलनाला, म्हणजे झ्लोटीला, आधार देण्यासाठी पाश्चात्त्य सरकारांनी १०० कोटी डॉलरचा निधी उभारला होता आणि तो उभारावा म्हणून सॅक्स वॉशिंग्टनमध्ये दारोदार फिरले होते. १९९१ मध्ये धनको सरकारांनी पोलंडचे निम्मे कर्ज माफ केले. मोठे सरकारी कारखाने लगेच विकले गेले नाहीत, त्याला वर्षानुवर्षे लागली. वृद्धांची निवृत्तिवेतने चालू राहिली. म्हणजे किमती मोकळ्या केल्या त्या बाजारासाठी, पण त्या धक्क्यातून लोक उभे राहिले ते देशातल्या आणि देशाबाहेरच्या सरकारांच्या टेकूवर. सॅक्स यांनी स्वतः जानेवारी १९९० मध्ये लिहिलेल्या एका लेखात म्हटले होते, की पूर्व युरोपने आधी पाश्चात्त्य धर्तीची बाजारव्यवस्था आणावी. नंतर स्वीडनसारखे कल्याणकारी राज्य हवे की थॅचरबाईंचे ब्रिटन, हा वाद सवडीने घालता येईल. सवडीने घालायचा हा वाद त्यांच्याच आयुष्यात मुख्य वाद ठरणार होता.

त्याच वर्षी, ५ नोव्हेंबर १९९० रोजी, व्हॅटिकनमध्ये जगातील काही निवडक अर्थतज्ज्ञांना चर्चेसाठी बोलाविण्यात आले होते. त्यांत केनेथ ॲरो होते, आपले अमर्त्य सेन आणि पार्थ दासगुप्ता होते, आणि ३६ वर्षांचे सॅक्सही होते. संत जॉन पॉल दुसरे यांचे ‘चेंतेसिमुस आन्नुस’ हे परिपत्रक १ मे १९९१ रोजी प्रसिद्ध झाले, त्यापूर्वीची ही चर्चा. पोलंडच्याच मातीतून आलेल्या त्या पोपनी परिपत्रकात मोकळ्या बाजाराची उपयुक्तता निःसंकोचपणे मान्य केली आहे. परंतु लगेच एक रेषाही आखली आहे. बाजार ज्या गरजा भागवितो त्या पैसे मोजण्याची ऐपत असलेल्या गरजा होत. ज्या गरजांना ऐपतच नाही, त्यांना बाजारात जागा नाही. शिवाय उपाशी लोकांच्या जिवावर कर्जाची वसुली करू नये, असेही त्या परिपत्रकात स्पष्ट सांगितले आहे. त्या सभेतील कुणाच्या बोलण्याचा त्या ओळींवर किती परिणाम झाला याचा हिशेब कुणी मांडू नये. आम्ही एवढेच नोंदवितो, की ‘ऐपत’ या एका शब्दाभोवती सॅक्स यांचे पुढचे संपूर्ण आयुष्य फिरले.

पण तेथे पोहोचण्याआधी रशिया यायचा होता. १९९१ च्या अखेरीस बोरिस येल्त्सिन यांच्या सरकारने सॅक्स यांना सल्लागार म्हणून बोलाविले आणि २ जानेवारी १९९२ रोजी येगोर गायदार यांनी किमती मोकळ्या केल्या. औषध पोलंडचेच, रोगी मात्र वेगळा. रशियाच्या मध्यवर्ती बँकेने नोटा छापणे थांबविले नाही; त्या एका वर्षात किमती सुमारे २५ पटींनी वाढल्या आणि लोकांची जन्मभराची बचत मातीमोल झाली. सॅक्स यांनी पोलंडसारखाच आधारनिधी आणि कर्जाच्या हप्त्यांना स्थगिती मागितली. अमेरिकेसह श्रीमंत राष्ट्रांनी वेळेवर हात पुढे केला नाही. जुन्या शत्रूला उभे करण्याची त्यांना इच्छा नव्हती, असे सॅक्स यांचे आजही म्हणणे आहे. जानेवारी १९९४ मध्ये ते राजीनामा देऊन बाहेर पडले. त्यानंतर १९९५ मध्ये सरकारी तेलकंपन्या व खाणी मोजक्या धनिकांच्या घशात घालण्यात आल्या. त्या व्यवहाराशी सॅक्स यांचा संबंध नव्हता आणि त्यांनी त्याचा धिक्कारच केला, पण लोकांच्या मनात दोन्ही गोष्टी एकच झाल्या.

रशियन पुरुषाचे सरासरी आयुर्मान १९९० मध्ये सुमारे ६४ वर्षे होते, ते १९९४ मध्ये सुमारे ५७ वर आले. युद्ध नसताना, साथ नसताना, चार वर्षांत सात वर्षांचे आयुष्य गेले. या मृत्यूंचे कारण काय, दारू, निराशा, कोलमडलेली रुग्णालये की आर्थिक धक्का, यावर आजतागायत वाद चालू आहे. २००९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकातील एका अभ्यासाने झपाट्याने झालेल्या खासगीकरणाशी त्याचा संबंध जोडला आणि सॅक्स यांनी तो निष्कर्ष जाहीरपणे नाकारला. आमचे मत विचाराल तर, ज्या मदतीशिवाय औषध लागू पडणार नाही असे वैद्याला वाटत होते, ती मदत मिळेपर्यंत त्याने औषधाचा पहिला डोस देण्याची घाई करायला नको होती. त्या वेळी वाट पाहण्याइतका अवधी होता का, असा प्रश्न सॅक्स यांचे समर्थक विचारतात. मॉस्कोची दुकाने तेव्हा खरोखरच रिकामी होती, हे त्यांना मान्य करावे लागते.

सॅक्स यांचे विचार बदलले, असे जग म्हणते. ते स्वतः म्हणतात, की कर्जमाफी आणि परकीय मदत यांची मागणी आपण पहिल्यापासूनच करीत होतो. दोन्हीत तथ्य आहे. पण १९९५ मध्ये ते प्रथम झांबियात गेले आणि त्यांच्या लेखनातला सूर निश्चितपणे पालटला. तेथे महागाई हा मुख्य रोग नव्हता. किमती मोकळ्या होत्या, पण घेणारा अंथरुणावर पडलेला होता. एड्सने शिक्षक, परिचारिका, अधिकारी मरत होते. हिवतापाने लहान मुले मरत होती. ज्या देशात हिवताप ठाण मांडून बसला आहे त्याची आर्थिक वाढ इतरांपेक्षा वर्षाला सुमारे १.३ टक्क्यांनी मागे राहते, असा हिशेब त्यांनी एका सहकाऱ्यासह २००१ मध्ये प्रसिद्ध केला. समुद्रापासून दूर असलेला, डासांनी भरलेला, कर्जात बुडालेला देश केवळ योग्य धोरणांच्या बळावर वर येऊ शकत नाही, ही गोष्ट त्यांनी अर्थशास्त्रज्ञांच्या गळी उतरविण्याचा प्रयत्न केला. सॅक्स यांच्या पत्नी बालरोगतज्ज्ञ आहेत. ताप आलेल्या प्रत्येक मुलाला डॉक्टर एकच गोळी देत नाही, तपासून निदान करतो, मग अर्थशास्त्रज्ञाने तसे का करू नये, असा प्रश्न ते त्यानंतर विचारू लागले आणि या पद्धतीला त्यांनी ‘रुग्णाईत अर्थव्यवस्थेची चिकित्सा’ अशा अर्थाचे नाव दिले.

कर्जमाफीच्या चळवळीतील एक प्रसंग आपल्या वाचकांना विशेष जिव्हाळ्याचा वाटेल. लेवीय या पुस्तकात सांगितलेल्या पन्नासाव्या वर्षाच्या मुक्तीची आठवण करून देत जॉन पॉल दुसरे यांनी १९९४ मध्येच असे आवाहन केले होते, की २००० च्या जुबिली वर्षानिमित्त गरीब राष्ट्रांच्या कर्जाचे ओझे कमी करावे. २३ सप्टेंबर १९९९ रोजी कास्तेल गांदोल्फो येथे ‘जुबिली २०००’ चळवळीचे शिष्टमंडळ त्यांना भेटले. त्यात गायक बोनो आणि बॉब गेल्डॉफ यांच्यासमवेत सॅक्सही होते. बोनो यांचा निळा गॉगल वृद्ध पोपनी हौसेने डोळ्यांवर चढविला, ही गोष्ट जगभर गाजली. भेटीचे कारण मात्र तितके गाजले नाही. परिणाम मागाहून दिसला. २००५ मध्ये आठ बड्या राष्ट्रांनी अतिगरीब देशांचे आंतरराष्ट्रीय संस्थांकडील कर्ज माफ करण्याचे ठरविले आणि २००६ च्या प्रारंभी नाणेनिधीने ज्या १९ देशांची नावे खतावणीतून काढली, त्यांत बोलिव्हियाही होता.

जागतिक आरोग्य संघटनेने २००० मध्ये सॅक्स यांच्या अध्यक्षतेखाली एक आयोग नेमला. आपले डॉ. मनमोहन सिंग त्याचे सदस्य होते. डिसेंबर २००१ च्या अहवालात आयोगाने सांगितले, की गरीब देशात माणशी वर्षाला सुमारे ३४ डॉलर खर्च झाला तर अत्यावश्यक उपचार सर्वांपर्यंत पोहोचतील आणि २०१० पर्यंत वर्षाला ८० लाख जीव वाचू शकतील. एवढी रक्कम गरीब देशांच्या तिजोरीत नव्हती. ती श्रीमंत देशांनी द्यावी, असे आयोगाचे म्हणणे. पुढे डॉ. सिंग पंतप्रधान असताना १२ एप्रिल २००५ रोजी राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले, त्याला सल्ला देणाऱ्यांत सॅक्स होते आणि २००७ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मभूषण दिले. आपल्या आदिवासी पाड्यांवर तापाच्या रुग्णाचा रक्तनमुना घेणारी आशाताई त्या अभियानातूनच आली, याची आठवण येथे द्यावीशी वाटते.

बाजार आणि सरकार यांतील हा सगळा वाद एका साध्या मच्छरदाणीत सामावलेला दिसेल. कीटकनाशक लावलेली टिकाऊ मच्छरदाणी त्या काळी साधारण पाच डॉलरना पडे आणि ती काही वर्षे टिकते. ती विकावी की फुकट द्यावी? विकण्याच्या बाजूचे लोक मूर्ख नव्हते. फुकट मिळालेल्या वस्तूची किंमत राहत नाही, लोक तिने मासे धरतील. चार पैसे मोजून घेतलेली मच्छरदाणी मात्र खाटेवर बांधली जाईल, असा त्यांचा युक्तिवाद होता. आपल्याकडेही दानधर्माविषयी असेच म्हटले जाते. सॅक्स यांचे उत्तर असे, की ज्या घरात रोजचा डॉलरही येत नाही तेथे ‘थोडी’ किंमत म्हणजे नकारच.

हा वाद तत्त्वचर्चेने मिटला नाही; तो मोजून मिटवावा लागला. जेसिका कोहेन व पास्कालिन दुपा या दोन संशोधक महिलांनी पश्चिम केनियातील प्रसूतिपूर्व तपासणी केंद्रांत गरोदर स्त्रियांना वेगवेगळ्या दराने मच्छरदाण्या देऊन पाहिल्या. त्यांचा निबंध २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. फुकट असताना जवळजवळ प्रत्येकीने मच्छरदाणी घेतली. किंमत केवळ ६० सेंट करताच घेणाऱ्यांचे प्रमाण शेकडा ६० ने घटले. आणि फुकट घेणाऱ्या स्त्रिया ती वापरीत नाहीत म्हणावे, तर तसेही आढळले नाही. विकत घेणाऱ्यांइतक्याच प्रमाणात त्यांनी ती बांधली होती. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्येच फुकट वाटपाचा पक्ष स्वीकारला होता. २००० ते २०१५ या काळात आफ्रिकेत हिवतापाचे सुमारे ६६ कोटी रुग्ण टळले आणि त्यांतील सुमारे दोन तृतीयांश मच्छरदाण्यांमुळे टळले, असा अंदाज ‘नेचर’ नियतकालिकात २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला आहे. ऐपत नसलेल्या गरजेला जागा करून दिली की काय घडते, ते या आकड्यांत दिसते.

तथापि सरकारी व दानाचा पैसा ओतला की दारिद्र्य आपोआप हटते, असे मानणाऱ्यांनी सॅक्स यांच्याच पुढच्या प्रयोगाकडे पाहावे. आफ्रिकेतील दहा देशांतील निवडक गावसमूहांत त्यांनी ‘मिलेनियम व्हिलेजेस’ ही योजना २००५ ते २०१५ अशी चालविली. बी-बियाणे, खत, दवाखाना, शाळा, पाणी, मच्छरदाण्या हे सारे एकाच वेळी द्यायचे, आणि त्यासाठी माणशी वर्षाला सुमारे १२० डॉलर खर्च धरायचा, अशी ही कल्पना. युगांडातील रुहिरा येथे शेतकऱ्यांना मका लावण्यास सांगण्यात आले. पीक भरघोस आले. पण तेथील लोकांचे नेहमीचे अन्न मका नव्हे, ते केळीवर जगतात. मका घ्यायला व्यापारी फिरकला नाही, साठवायला कोठार नव्हते आणि उंदरांनी मेजवानी केली. नीना मंक या पत्रकर्तीने २०१३ मधील आपल्या पुस्तकात ही हकीकत दिली आहे. ज्याने पोलंडला बाजाराचे महत्त्व पटवून दिले, त्याच्याच योजनेत बाजाराचा रस्ता विसरला जावा, यातला विरोधाभास बोचरा आहे.

दुसरी उणीव त्याहून गंभीर होती. शेजारच्या, मदत न मिळालेल्या गावांशी तुलना करण्याची व्यवस्था आरंभी केलीच नव्हती. बालमृत्यू इतरांपेक्षा तिपटीने वेगाने घटले, हा २०१२ मधील दावा ‘लॅन्सेट’मधून मागे घ्यावा लागला. २०१८ मध्ये आलेल्या अखेरच्या मूल्यमापनात, ज्याच्या लेखकांत सॅक्स स्वतःही होते, असे दिसले की ४० पैकी ३० बाबतींत प्रकल्पातील गावे तुलनेच्या गावांपेक्षा सरस ठरली, विशेषतः शेती व आरोग्यात; परंतु ठरविलेल्या उद्दिष्टांपैकी केवळ एक तृतीयांशच गाठता आली. विल्यम ईस्टर्ली यांच्यासारखे टीकाकार म्हणतात, की बाहेरून आलेल्या योजनाकर्त्याला गाव कधीच कळत नाही. मच्छरदाणीच्या बाबतीत ही टीका फोल ठरली, मक्याच्या बाबतीत खरी. मच्छरदाणीला गाव कळण्याची फारशी गरज नसते, मक्याला असते. हा भेद दोन्ही पक्षांनी पुरेसा ओळखला नाही, असे आम्हांला वाटते.

अखेरीस सॅक्स आपल्या घरी परतले. २००८ मध्ये अमेरिकेच्या बँका कोसळल्या आणि बाजाराला मोकळीक मागणारेच सरकारच्या दारात उभे राहिले. २०११ मधील ‘द प्राइस ऑफ सिव्हिलायझेशन’ या पुस्तकात सॅक्स यांनी रेगनकाळापासूनच्या धोरणांवर कडक टीका केली. बाजार आवश्यक आहे, परंतु शिक्षण, आरोग्य, पर्यावरण आणि न्याय्य वाटणी ही त्याची कामे नव्हेत. ती सरकारची कामे असून त्यासाठी श्रीमंतांनी अधिक कर भरला पाहिजे, हे त्यांचे म्हणणे. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या वॉल स्ट्रीटजवळ तळ ठोकून बसलेल्या निदर्शकांमध्ये जाऊन ते बोलले. स्वीडन की थॅचर हा जुना वाद त्यांनी असा, एकवीस वर्षांनंतर, स्वीडनच्या बाजूने निकालात काढला. पुढे २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांच्या ‘लाउदातो सी’ परिपत्रकाचे त्यांनी मनापासून स्वागत केले.

श्रीमंत सरकारांनी आपले कर्तव्य करावे, या मागणीची परीक्षा मात्र अजून संपलेली नाही. जगात २०२३ या एका वर्षात ५ लाख ९७ हजार लोक हिवतापाने मृत्यू पावले. त्यांतील बहुसंख्य आफ्रिकेतील पाच वर्षांखालील मुले होती. मच्छरदाण्यांसाठी आणि औषधांसाठी वर्षानुवर्षे पैसा पुरविणारी अमेरिकन सरकारची ‘यूएसएड’ ही मदतसंस्था १ जुलै २०२५ रोजी बंद करण्यात आली. तिची कामे कुणी उचलायची आणि त्याचा पैसा कुणी द्यायचा, यावर राजधान्यांतून चर्चा चालू आहे. मच्छरदाण्या तीन-चार वर्षांत विरतात, आणि मागच्या खेपेस वाटलेल्या बदलण्याची वेळ अनेक जिल्ह्यांत येऊन ठेपली आहे.